चिमूटभर भुसा

खळ्यावर ज्वारीची मळणी आटोपली की उफणणीसाठी वाऱ्याची वाट पाहावी लागे. तिवईवर उभा राहिलेला शेतकरी पाटी उचलण्याआधी चिमूटभर भुसा हवेत सोडून बघे. तो कोणीकडे जातो, किती लांब पडतो, यावर तिवईची जागा आणि पाटीचा कल ठरे. वारा पडला तर दाणा आणि भुसा एकाच ढिगात. मध्येच झोत आला तर भुशाबरोबर दाणाही गेला. दिशा, वेग आणि झोत हे हवामानशास्त्राचे वाऱ्याबद्दलचे तिन्ही प्रश्न त्या एका चिमटीत असत.

दिशेचे एक नवल आहे. नदी कुठे जाते ते आपण विचारतो. वाऱ्याला मात्र विचारतो, कुठून आलास? चिपळूणहून आलेला तो चिपळूणकर, तसा पश्चिमेकडून आलेला तो पश्चिमेचा वारा. आडनाव मूळ गावाचे, मुक्कामाचे नाही. वायव्य ही तर खुद्द वायूच्या नावाची दिशा, पण ज्याच्यावर आपले वर्ष निघते तो मोसमी वारा येतो नैर्ऋत्येकडून, म्हणजे विनाशाच्या निर्ऋतीकडून. अन्न आणि उत्पात एकाच दाराने येतात, हे कोकणपट्टी दर पावसाळ्यात अनुभवते.

वेगाला अंक मिळाले ते समुद्रावर. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने वाऱ्याच्या जोराच्या शून्य ते बारा अशा पायऱ्या लावल्या, आणि त्या जहाजाला किती शिडे पेलतात यावरून ओळखायच्या ठरवल्या. वारा दिसत नाही, त्याची करणी दिसते, रीत भुशाचीच. आजचे प्रमाण आहे मोकळ्या जागी 10 मीटर उंचीवरची 10 मिनिटांची सरासरी. म्हणजे 'ताशी 20 किलोमीटर' हा दहा मिनिटांचा हिशेब झाला. त्यातल्या कुठल्याही क्षणी वारा नेमका वीसच असेल, अशी हमी नाही.

त्या हिशेबातून निसटतो तो झोत, जेमतेम तीन सेकंदांचा. जमिनीलगत घरे, झाडे, टेकड्या वाऱ्याला अडवतात. वर तो मोकळा धावतो, आणि भोवऱ्यांच्या वाटेने ती वरची धाव मधूनमधून खाली उतरते. मच्छीमारांसाठीच्या इशाऱ्यात लिहितात: वारा ताशी 45 ते 55 किलोमीटर, झोत 65 पर्यंत. पन्नासाचे पासष्ट झाले तर वेग वाढला तीस टक्क्यांनी. पण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून शिडावरचा नि पत्र्यावरचा भार वाढतो जवळजवळ सत्तर टक्क्यांनी. 3 जून 2020 रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्यांतल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. झाड वर्षानुवर्षे सरासरीत वाढते आणि झोतात पडते.

वाऱ्याचा अंदाज आता पुष्कळ जवळ आला आहे. पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत (आयआयटीएम) घडलेली आणि 2025 साली कामाला लागलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' ही अंदाजप्रणाली सहा किलोमीटरच्या चौकटीतून पाहते. आधीची चौकट बारा किलोमीटरची होती. पण सहा किलोमीटरांतही खाडी, सडा, सुरूचे बन सगळे मावते. दुपारचा खारा वारा खाडीच्या अरुंद तोंडातून जोर धरतो, टेकडीच्या आडोशाला मरगळतो. चौकटीच्या वाट्याला मात्र एकच आकडा येतो. अंदाज मुलुखाचा असतो, खळे आपले असते. या दोहोंमधले अंतर कुणीतरी जागेवर उभे राहूनच भरून काढायचे असते.

मळणीयंत्राला आता स्वतःचा पंखा आहे, वाऱ्याची आळवणी उरली नाही. सोय झाली, यात शंका नाही. फक्त तो मुलुखाचा वारा आपल्या खळ्यापाशी येऊन काय करतो, हे विचारायची सवय भुशाबरोबर उडून गेली. फोनवरचा बाण पाहून झाला तरी गच्चीवरचे पत्रे बांधण्याआधी मी घटकाभर वर जाऊन उभा राहतो. हातात भुसा नसतो. कपाळावरून वारा जातो, तेवढ्यावर भागवतो.