रिकामी खोली आणि शांत गल्ली



जून महिना लागला की आपल्या चर्चच्या मागच्या गल्ल्यांमध्ये एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. खांद्याला सॅक लावलेला मुलगा किंवा मुलगी आणि सोबत गावाहून आलेले वडील, नाहीतर मामा. एकेका फाटकाशी थांबून ते 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी कुठे दिसते का ते पाहतात. आपला परिसर शांत आहे, झाडांचा आहे, महाविद्यालये चालत दहा मिनिटांवर आहेत. पुण्यात शिकायला आलेल्या मुलाला आणखी काय हवे?

गेल्या वर्षी असाच एक मुलगा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आला होता. आपलाच, कॅथलिक कुटुंबातला. त्याच्याकडे त्याच्या धर्मगुरूंचे पत्रही होते. तीन-चार घरी त्याने विचारले. पहिला प्रश्न आडनावाचा, दुसरा गावाचा, तिसरा खाण्यापिण्याचा. एका घरी दारावर क्रूस पाहून त्याला धीर आला. तिथे खोली रिकामी होती. पण आडनाव आणि गाव सांगून झाल्यावर, आमचा मुलगा परत येणार आहे, म्हणून खोली द्यायची नाही, असे उत्तर मिळाले. पुढच्याच आठवड्यात ती खोली दुसऱ्या कोणाला तरी दिली गेली. शेवटी तो शहराच्या दुसऱ्या टोकाला चौघांच्या खोलीत राहिला. दोन बस बदलून तो कॉलेजला येत असे.

हे आम्ही कोणाला बोल लावण्यासाठी लिहीत नाही. कारण तो मुलगा आमच्याकडेही आला होता. आम्ही त्याला चहा दिला, दोन फोन नंबर दिले, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि वाटेला लावले. धर्मगुरुनिवासाच्या वरच्या मजल्यावरची एक खोली तेव्हाही रिकामी होती. तिच्यात जुन्या फाइली आणि नाताळच्या गोठ्याचे सामान ठेवलेले होते. हे आमच्या लक्षात आले ते डिसेंबरात, गोठा काढायला वर गेलो तेव्हा. ज्या बाळाला बेथलेहेमात उतारशाळेत जागा मिळाली नाही, त्याचा गोठा मांडण्यासाठी आम्ही वर्षभर एक खोली अडवून ठेवली होती.

तेव्हापासून एक प्रश्न आम्हाला सोडत नाही. घर माझे आहे. मग त्यात कोणाला ठेवायचे आणि कोणाला नाही, हे ठरवण्याचा अधिकारही पूर्णपणे माझाच नाही का?

या प्रश्नाला चटकन 'नाही' असे उत्तर देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. आपल्या धर्मग्रामात अशी कुटुंबे आहेत, जिथे नवरा गेल्यावर एका खोलीचे भाडे हीच विधवेची पेन्शन आहे. कोणाचे भाडेकरू दोन महिन्यांचे भाडे बुडवून निघून गेले. कोणाच्या गच्चीवर रात्री दोनपर्यंत वाढदिवस चालले आणि सकाळी शेजाऱ्यांची बोलणी घरमालकाने खाल्ली. अशा माणसांना भीती वाटली तर तिला पाप म्हणता येणार नाही. शांत घर हीसुद्धा देवाची देणगी आहे. आजारी माणसाला, परीक्षेच्या मुलाला, म्हाताऱ्या आईला तिची गरज असते.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात 'सुम्मा थिओलॉजिका' या ग्रंथात मालकीचा विचार केला आहे. ते मालकी हक्क नाकारत नाहीत. माणूस स्वतःच्या वस्तूची अधिक काळजी घेतो, जबाबदाऱ्या वाटलेल्या असल्या की कारभार नीट चालतो आणि भांडणे कमी होतात, अशी तीन कारणे देऊन ते खाजगी मालकी योग्य ठरवतात. पण लगेच दुसरी बाजूही मांडतात. वस्तू सांभाळणे आणि तिची व्यवस्था लावणे हा एक भाग, तिचा उपयोग करणे हा दुसरा. सांभाळण्याच्या बाबतीत वस्तू माझी आहे. उपयोगाच्या बाबतीत मात्र ती सर्वांसाठी आहे असे मानून, गरजवंताला वाटा द्यायला मी तयार असले पाहिजे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात खाजगी मालकीचे जोरदार समर्थन केले, तेव्हा त्यांनीही हाच विचार सोबत ठेवला.

जुना करार तर आणखी पुढे जातो. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात देव इस्राएल लोकांना बजावतो की जमीन त्याची आहे, तिचा कायमचा विक्रय होऊ शकत नाही आणि ते लोक त्याच्याजवळ राहणारे परके व उपरे आहेत. म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा किंवा फ्लॅटचे खरेदीखत आहे, तोही शेवटी भाडेकरूच. आपल्या कराराची मुदत किती महिन्यांची आहे, एवढे मात्र त्यात लिहिलेले नसते.

आणि आपण ज्याला 'पॅरिश' म्हणतो, तो शब्द तरी कुठून आला? 'पारोइकिया' या ग्रीक शब्दापासून. त्याचा अर्थ परक्या ठिकाणी उपरा म्हणून राहणे. आरंभीचे ख्रिस्ती लोक स्वतःच्या समूहाला याच नावाने ओळखत. प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटच्या ओळींत संत पौल आपल्याला भेटतो तोही रोममध्ये भाड्याच्या घरात. दोन वर्षे तो तिथे राहिला आणि येईल त्याचे स्वागत करत राहिला. तेव्हा उपऱ्याला दारातून परत पाठवणारा धर्मग्राम आपल्या नावालाच विसरलेला असतो.

मग घरमालकाने अटी घालूच नयेत का? जरूर घालाव्यात. पण अटींमध्ये दोन प्रकार असतात, ते नीट वेगळे केले पाहिजेत. रात्री दहानंतर मोठा आवाज नको, भाडे पाच तारखेपर्यंत हवे, पाणी जपून वापरावे, कचरा जिन्यात ठेवू नये, या अटी वागण्यावर आहेत. त्या पाळायच्या की मोडायच्या हे मुलाच्या हातात असते. अमुक आडनावाचा नको, तमक्या समाजाचा नको, त्या राज्यातला नको, या अटी मात्र त्याच्या असण्यावर आहेत. तो कितीही सज्जनपणे वागला तरी त्या त्याला पाळता येणार नाहीत. जी अट माणसाला पाळताच येत नाही, ती अट नसते, तो निवाडा असतो. आणि तोही गुन्हा घडण्याआधीच दिलेला.

आपल्याला हे कळायला हवे, कारण आपणही ते सोसले आहे. 'तुम्ही ख्रिश्चन, म्हणजे मांसाहारी' असे म्हणून किती सोसायट्यांची दारे आपल्या लेकरांच्या तोंडावर बंद झाली! तेव्हा आपल्याला राग येतो. मग आपल्याच दारात आलेल्या मुलाचे आडनाव ऐकून आपला चेहरा का बदलतो?

पूर्वी या पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कितीतरी मुले त्यामुळे शिकली. पण ती सोयही बहुतांशी आपापल्या जातीपुरतीच होती. ज्याची जात 'खालची' ठरवलेली, त्याला ना वार होता, ना खोली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशात उच्च शिक्षण घेऊन १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी उतारशाळेत ते स्वतःची ओळख लपवून राहिले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. ही हकीकत अनेकांना माहीत आहे. पण त्यांच्या आठवणींतला पुढचा भाग आपण ख्रिस्ती लोकांनी मुद्दाम वाचावा. त्या दिवशी ते दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू होता, दुसरा ख्रिस्ती. ख्रिस्ती मित्राने, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल, असे सांगितले. ते कुटुंब मूळचे ब्राह्मण होते. पतीचे विचार उदार झाले होते, पण पत्नी जुने सोवळे सोडायला तयार नव्हती. बाबासाहेब काय ते समजले आणि मुंबईच्या गाडीने परतले.

त्या दारावर क्रूस होता की नाही, आम्हाला ठाऊक नाही. घर मात्र बाप्तिस्मा घेतलेल्यांचे होते. आपल्या दारात त्या दिवसाची उजळणी होऊ नये, एवढीच आमची कळकळ आहे.

ज्यांना फसवणुकीची भीती वाटते, त्यांनी कायद्याचा आधार घ्यावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. करार अकरा महिन्यांचा असला तरी त्यातून सुटका नाही. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई मागता येते. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यावी. सावधपणा हा सद्गुण आहे. तो सर्वांशी सारखाच असला म्हणजे झाले.

आमच्या तरुण भाडेकरूंनाही एक सांगणे आहे. बाबेलात बंदिवान म्हणून गेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने पत्र पाठवून, ज्या नगरात तुम्ही आहात त्याचे भले पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, असे कळवले होते. तुम्ही ज्या गल्लीत राहता तिचे भले पाहा. रात्री गाडी फाटकाबाहेर बंद करून आत ढकलत आणा. घरमालकीण आजीला औषध आणून द्या. तुमच्या वागण्यावर तुमच्यानंतर येणाऱ्या मुलाची खोली अवलंबून आहे.

एका खोलीत काय घडू शकते, याचीही आठवण असू द्या. १५२९ साली पॅरिसच्या सेंट बार्ब महाविद्यालयात दोन तरुण विद्यार्थ्यांच्या खोलीत तिसरा राहायला आला. तो अडतीस वर्षांचा होता, लंगडत चालायचा, अभ्यासात मागे होता. खोलीतले दोघे पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर. नवा आलेला इग्नेशियस लोयोला. झेवियरना हा सोबती आधी मुळीच पसंत नव्हता. त्या खोलीतल्या सहवासातून पुढे येशूसंघ उभा राहिला आणि १५४२ साली झेवियर गोव्याच्या किनाऱ्याला लागले. तिघेही आज संत आहेत.

आजच्या पहिल्या वाचनात शूनेमची एक सधन स्त्री अलीशा संदेष्ट्यासाठी गच्चीवर छोटी खोली बांधते. त्यात ती एक खाट, एक मेज, एक खुर्ची आणि एक दिवा ठेवते. विद्यार्थ्याला याहून जास्त काय लागते? शुभवर्तमानात प्रभू येशू तर पेलाभर थंड पाण्याचाही हिशेब ठेवतो.

धर्मगुरुनिवासातली ती खोली आम्ही रिकामी केली आहे. गोठ्याचे सामान आता जिन्याखाली आहे. वर एक खाट, टेबल, खुर्ची आणि दिवा ठेवला आहे. या वर्षी पहिल्याने येईल त्याला ती मिळेल, आडनाव न विचारता. चर्च कार्यालयात आजपासून एक वहीही ठेवली आहे. ज्यांच्या घरी भाड्याने देण्याजोगी खोली असेल, त्यांनी आपले नाव, भाडे आणि अटी तिच्यात लिहाव्यात. अटी कितीही लिहा. फक्त त्या वागण्यावर असू द्या.

प्रभू आपल्या घरांना आशीर्वाद देवो आणि त्याच्या घरातले भाडेकरू म्हणून राहायला आपल्याला शिकवो.

ख्रिस्तामध्ये आपले,
प्रमुख धर्मगुरू