कामाला आत, मुक्कामाला बाहेर

सकाळी सहा-साडेसहाला बांद्याच्या पुलावर उभं राहिलं की गोव्याकडे जाणाऱ्या दुचाक्यांची रांग दिसते. सावंतवाडी, इन्सुली, बांदा इथली मुलं-मुली. पाठीवर सॅक, सॅकमध्ये डबा आणि घडी घातलेला युनिफॉर्म. पत्रादेवीचा सीमेवरचा नाका ओलांडला की कोणी मोपाच्या विमानतळाकडे वळतो, कोणी म्हापसा गाठून पुढे कळंगुट, कांदोळी, बागाच्या हॉटेलांत जातो. सावंतवाडी ते म्हापसा ४५ किलोमीटरच्या आसपास, तिथून किनारा आणखी दहाएक किलोमीटर. रात्री तेवढंच परत. हॉटेलातली दुपारची पाळी सुटते तेव्हा अकरा-बारा वाजलेले असतात. त्या वेळी ना एसटी मिळते, ना गोव्याची कदंब बस.

आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांत ‘गोव्यातून कामावरून घरी परतत असताना’ अशी सुरुवात असलेली बातमी वारंवार येते. ‘अधिक उपचारांसाठी बांबोळीच्या इस्पितळात हलवण्यात आलं’ हे त्या बातमीतलं पुढचं वाक्य इथल्या घराघरात पाठ आहे. मग रस्त्याबद्दल, हेल्मेटबद्दल, मुलांच्या वेगाबद्दल बोललं जातं. ते बोललंच पाहिजे. पण दिवसभर उभं राहून काम केलेला बावीस वर्षांचा मुलगा मध्यरात्री अंधारात पन्नास किलोमीटर गाडी हाकत का होता, हा प्रश्न बातमीतही नसतो आणि शोकसभेतही नसतो.

दोडामार्ग तालुक्यातल्या एका ओळखीच्या मुलाला मी तो विचारला. तो कळंगुटच्या एका हॉटेलात सर्व्हिसला आहे. त्याचं उत्तर सरळ होतं: “थंय खोली घेतलंय तर अर्धो पगार थंयच जातलो. मगे घराक काय देव?” पहिल्या वर्षी त्याने खोली घेऊन पाहिली होती. डिसेंबर जवळ आला तसं मालकाने सांगितलं की महिनाभर खोली मोकळी कर, पाहुणे यायचे आहेत. ज्या दिवसांत हॉटेलात पाळीवर पाळी लागते, सुट्टी बंद होते, नेमके तेच दिवस त्याच्या खोलीलाही मागणी असण्याचे. तेव्हापासून तो गाडीवरून ये-जा करतो.

त्याच्यासोबत काम करणारे बाकीचे कुठे राहतात, ते त्याने मला नेऊन दाखवलं. गाव ओडिशात किंवा नेपाळात असेल तर ये-जा करणं शक्यच नाही. हमरस्ता सोडून आत गेल्यावर माडांच्या भाटात, म्हणजे बागेत, चिऱ्याच्या तीन भिंती आणि वर पत्रे अशी एक खोली. पूर्वी तिथे नारळ आणि जळाऊ लाकडं ठेवत असावेत. आत सहा जण राहतात. गाद्या तीनच, कारण तिघे कामावर असताना तिघे झोपतात. खोलीबाहेर पाण्याचं निळं पिंप, आडोशाला मोरी. भिंतीत सहा खिळे, प्रत्येक खिळ्याला हँगर, आणि हँगरला प्लास्टिकच्या पिशवीत झाकलेला इस्त्रीचा पांढरा शर्ट. पत्र्याखाली दुपारी बसवत नव्हतं, भिंतीला ओल होती, पण ते सहा शर्ट स्वच्छ होते. पाहुण्यांसमोर डाग चालत नाही.

ते भाट ज्या बाईंचं, त्यांच्याशीही बोललो. त्या वाईट नाहीत. भाड्यासाठी त्यांनी कोणाला कधी बाहेर काढलेलं नाही, आजारी पडलेल्या मुलाला पेज करून दिलेली आहे. पण त्यांच्या शेजारच्यांनी तशाच जुन्या कोठीला फरशी आणि एसी लावून ती पर्यटकांना द्यायला सुरुवात केली आहे. सहा कामगार महिनाभरात जे देतात ते तिथे सुट्टीच्या काही रात्रींत सुटतं. “आणखी किती वर्षं मी अशी देणार?” असं त्यांनी मलाच विचारलं. त्यांना नैतिकतेचे धडे देण्याचा अधिकार मला वाटला नाही. आपल्या जमिनीतून चार पैसे मिळावेत असं कोणाला वाटत नाही? एकेका घरमालकाच्या सद्भावनेवर सोडून सुटेल असा हा प्रश्नच नाही.

आणि घरं कमी आहेत असंही नाही. २०११च्या जनगणनेत गोव्यातल्या दर पाच घरांमागे एकाहून अधिक घर रिकामं आढळलं होतं. तेव्हा राज्याची लोकसंख्या साडेचौदा लाख होती. त्यानंतर हणजूण, आसगाव, शिवोली, हळदोणे या पट्ट्यात मुंबई-दिल्लीच्या लोकांनी जुनी घरं घेतली, नवे बंगले बांधले. महासाथीनंतर तर ती खरेदी वाढतच गेली. त्यातली कितीतरी घरं वर्षातले थोडेच दिवस उघडी असतात. बाकीच्या काळात तिथे दिवे लावायला, बाग शिंपायला, पोहण्याचा तलाव साफ करायला माणूस येतो. तो मात्र त्या घराच्या आसपास राहू शकत नाही.

याचा विचार करताना मला आपल्याच गावाची जुनी रचना आठवत राहते. गावाला ज्यांच्या कामाची गरज होती, त्यातल्या कित्येकांना गावाने गावकुसाबाहेर ठेवलं. मेलेलं ढोर ओढायला, वेस राखायला, सांगावा पोचवायला माणूस हवा. दिवस मावळला की त्याने वेशीबाहेर जावं. ती रचना जन्मावर उभी होती, तिच्यात अपमान ठासून भरलेला होता आणि तिच्यातून सुटायला वाट नव्हती. आजच्या कामगाराची स्थिती तीच आहे असं मी म्हणणार नाही. तो आपल्या इच्छेने येतो, नोकरी सोडू शकतो. पण काम आत हवं आणि मुक्काम बाहेर हवा, ही सवय आपल्याला नवी नाही. आता वेस भाड्याच्या दराची आहे आणि ती कोणी मुद्दाम बांधलेली नाही, त्यामुळे तिच्यासाठी कोणाला जाबही विचारता येत नाही. म्हणूनच ती जास्त काळ टिकेल अशी मला भीती वाटते.

पर्यटक म्हणून आपण हॉटेलच्या खोलीचे पैसे देतो, तेव्हा खर्चाचा सगळा हिशेब चुकता केला असं समजतो. तसं ते नसतं. सकाळी चहा आणून देणाऱ्याची अपुरी झोप, त्याच्या गाडीचं पेट्रोल, वाटेतला धोका, गावाकडे एकटी राहणारी त्याची बायको, यातलं काहीही त्या बिलात आलेलं नसतं. तो भार त्याचा तोच उचलतो. खोली स्वस्त मिळाली म्हणून आपण खूश होतो, त्या स्वस्ताईतला काही भाग या माणसाने भरलेला असतो.

यावर हॉटेलवाल्यांकडून येणारं उत्तर म्हणजे स्टाफ क्वार्टर्स. काही मोठी हॉटेलं ती चांगली देतात, जेवणाचीही सोय करतात, हे मान्य केलं पाहिजे. पण पगार देणारा आणि छप्पर देणारा एकच असला की माणूस दोन्हीकडून बांधला जातो. ओव्हरटाइम मागितला, मॅनेजरशी वाद झाला, तर नोकरीबरोबर त्याच रात्री अंथरूणही जातं. हाउसकीपिंगला असलेल्या मुलींच्या बाबतीत हे जास्तच जाचक आहे. छळाची तक्रार करायची तर आधी झोपायला दुसरी जागा शोधावी लागते, आणि ती परमुलखात कुठे शोधणार? शिवाय अशा क्वार्टर्समध्ये कुटुंब चालत नाही. दहा-बारा वर्षं किनाऱ्यावर राबलेल्या आचाऱ्याला आपल्या मुलाचं नाव तिथल्या शाळेत घालता येत नाही. म्हणून मालकाने दिलेली खाट पुरेशी नाही. मालक बदलला तरी राहील असं, परवडणाऱ्या भाड्याचं घर हवं.

गोव्यात हा विषय काढला की ‘भायले’, म्हणजे बाहेरचे, हा शब्द लगेच येतो. गोवेकरांचं दुखणं खोटं नाही. त्यांच्याच मुलांना त्यांच्याच गावात घर घेणं अशक्य झालंय, कोमुनिदादीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक मालकीच्या, जमिनी गेल्या, भातशेतीचं बांधकामाच्या जमिनीत रूपांतर झालं. पण राग निघतो तो पत्र्याखालच्या सहा जणांवर. बंगला घेणारा परप्रांतीय ‘गुंतवणूकदार’ ठरतो आणि बंगल्याची बाग शिंपणारा परप्रांतीय ‘लोंढा’ ठरतो. भाडेकरू पडताळणीचा फॉर्म पोलीस ठाण्यात भरून घेतला जातो, म्हणजे संशय घ्यायचा झाला तर सरकारला त्याचा पत्ता हवा असतो. गावाचा आराखडा करताना मात्र तोच माणूस कुठल्या मोजणीत नसतो. खरं तर आसगावात घर न परवडणारा गोमंतकीय शिक्षक आणि कांदोळीत खोली न परवडणारा झारखंडचा वेटर एकाच अडचणीत आहेत. ते एकमेकांशी बोलले तर बरंच काही होईल.

भाटवाल्या बाईंकडून मी निघत होतो तेव्हा त्यांनी सहज सांगितलं की त्यांचे सासरे बोटीवर होते, आणि बोट मिळेपर्यंत मुंबईत गावच्या क्लबात राहत. मुंबईच्या धोबी तलाव, माझगाव भागातले हे क्लब, म्हणजे कूड, गोव्याच्या गावागावांनी आपल्या माणसांसाठी काढले होते. एकेका गावाचा एकेक कूड. खलाशी, आचारी, वादक असे कामाच्या शोधात आलेले गाववाले नाममात्र पैशांत तिथे टेकायचे. भिंतीकडेने ओळीने लोखंडी ट्रंका, एका बाजूला देव्हारा, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना. धोबी तलावच्या जेर महालात असे कितीतरी क्लब होते, काही अजून आहेत. आमच्या कोकणी माणसांनी गिरणगावात तेच केलं: गावाची खोली, पाळीपाळीने झोपणं, खानावळवाल्या बाईकडे जेवण. त्या खोल्या सुखाच्या होत्या असं म्हणता येणार नाही. बायका गावी राहिल्या, मनिऑर्डरीवर संसार झाले. पण त्या खोलीतून माणसाला मालक काढू शकत नव्हता, कारण ती गावाची होती. संप झाला तरी डोक्यावरचं छप्पर जात नव्हतं. ज्या गोवेकरांनी आणि कोकण्यांनी परक्या शहरात आपल्या माणसांसाठी हे उभं केलं, त्यांच्याच किनाऱ्यावर आज दुसऱ्याची मुलं कोठीत झोपतात.

हा पेच जगात इतरांनाही पडला. कॅनडात व्हिस्लर नावाचं बर्फावरच्या खेळांसाठी प्रसिद्ध असलेलं डोंगरातलं गाव आहे. तिथेही श्रीमंतांनी घरं घेतल्यावर हॉटेलांत राबणाऱ्यांना जागा उरेना. गावाने १९९७ साली कामगारांच्या घरांसाठी स्वतंत्र संस्थाच काढली. किमान ७५ टक्के कामगार गावाच्या हद्दीतच राहिले पाहिजेत असं उद्दिष्ट ठरवलं. नवा धंदा काढणाऱ्याने कामगारांच्या निवाऱ्याची सोय करायची, नाहीतर त्यासाठी पैसे भरायचे. ही घरं तिथे काम करणाऱ्यालाच मिळतात, आणि पुढे विकताना किंमत वाटेल तशी वाढवता येत नाही. २०१० साली तिथल्या परिसरात हिवाळी ऑलिम्पिक झालं, तेव्हा खेळाडूंसाठी उभी केलेली वस्तीही नंतर रहिवाशांना राहायला दिली. व्हिस्लरचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही, तिथेही प्रतीक्षायादी लांब असते. पण कामगार रात्री कुठे झोपतो ही गावाची जबाबदारी आहे, एवढं त्यांनी मान्य केलं. आपण तिथपर्यंतही आलेलो नाही.

आपल्याकडे १९७९चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा होता. परराज्यातून माणसं आणणाऱ्या ठेकेदाराने त्यांच्या राहण्याची योग्य सोय करावी असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पण जो स्वतःच्या पायांनी, मित्राच्या ओळखीने आला त्याला तो लागू नव्हता, आणि हॉटेलांत येणारे बहुतेक असेच येतात. तो कायदा आता २०२०च्या संहितेत विलीन झाला. त्याच वर्षी टाळेबंदीत भाडं देता येईना म्हणून लाखो माणसं रस्त्याने चालत निघाली, आणि केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना जाहीर केली. त्या योजनेचा मोठ्या औद्योगिक शहरांसाठी विचार होतो. किनाऱ्यावरच्या पंचायतींच्या बोलण्यात तिचं नावही मी ऐकलेलं नाही.

हे सगळं गोव्यावर ढकलून आम्ही सिंधुदुर्गवाले मोकळे होऊ शकत नाही. आमचा जिल्हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. मालवण, देवबाग, तारकर्ली, वेंगुर्ला इथे किनाऱ्यालगतच्या गुंठ्याचा भाव ऐकून गावातला माणूस गप्प बसतो. रिसॉर्टांत नेपाळी मुलं आणि उत्तर भारतातले आचारी आलेले आहेत. त्यांच्या खोल्या कुठल्या मांगरात आहेत हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिलंय? आपली मुलं गोव्यात ज्या वागणुकीला कंटाळून रात्री परत येतात, तीच वागणूक आपण इथे आलेल्यांना देणार असू, तर त्या अपघातांच्या बातम्यांवर हळहळण्याचा आपल्याला काय हक्क?

नवं हॉटेल काढायचं तर आज सांडपाण्याचा कागद लागतो, पार्किंगचा लागतो, आगीच्या बंदोबस्ताचा लागतो, किनाऱ्यापासूनच्या अंतराचा लागतो. त्यात आणखी एक कागद वाढवावा: इथे किती माणसं कामाला असतील, आणि ती रात्री कुठे झोपतील. ज्याला जागा देता येत नाही त्याने पंचायतीकडे पैसे भरावेत, आणि पंचायतीने गावठाणालगत भाड्याच्या खोल्या बांधाव्यात, गावातल्या गरजूंनाही आणि बाहेरून आलेल्यांनाही. १ मेच्या ग्रामसभेत मी आमच्या गावात हा विषय मांडणार आहे. सरपंचांना आधी कल्पना दिली, तर ते म्हणाले की अर्जाच्या नमुन्यात असा रकानाच नाही. मी म्हटलं, ठराव करून तो घालायची मागणी तर पाठवू. त्यांनी विषयपत्रिकेवर घ्यायचं कबूल केलंय, आठव्या क्रमांकावर.