नव्वद दिवसांचं गणित

लिनक्स सर्व्हरवर एखाद्या कर्मचाऱ्याचं नवं खातं उघडलं आणि बाकी काही ठरवून दिलं नाही, तर त्याच्या पासवर्डची कमाल मुदत बहुधा 99,999 दिवस अशी नोंदली जाते. म्हणजे सुमारे 274 वर्षं. थोडक्यात, मुदत नाहीच. विंडोजच्या डोमेनमध्ये हीच मुदत मूळ रचनेत 42 दिवसांची असते. आणि अनेक बँका, कंपन्या, कचेऱ्या यांच्या नियमावल्यांमध्ये 90 दिवस लिहिलेले सापडतात. एकाच प्रश्नाची ही इतकी वेगवेगळी उत्तरं कशी आली, हे कुणी सहसा विचारत नाही. आकडा छापील असला की त्यामागे मोजमाप असणार असं आपण गृहीत धरतो. मुदतीच्या कल्पनेमागे एके काळी खरोखरच गणित होतं. ते गणित ज्या अटींवर उभं होतं त्या अटी वाटेत गळाल्या आणि नियम तेवढा राहिला.

सुरुवातीला मुदत नव्हती. 1961 मध्ये एमआयटीत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सीटीएसएस’ ही प्रणाली चालवून दाखवली. एकच संगणक अनेकांनी वाटून घ्यायचा, तर प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहायला हव्यात, एवढ्यासाठी तिच्यात पासवर्ड आला. तो फाइलीत जसाच्या तसा लिहिलेला असे. त्याच दशकाच्या मध्यात एकदा दोन फायलींची अदलाबदल झाली. लॉगिन करणाऱ्याला दाखवायच्या सूचनेच्या जागी पासवर्डची यादीच गेली, आणि जो जो लॉगिन करी त्याच्यासमोर सगळ्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले. तेव्हा सर्वांचे पासवर्ड तातडीने बदलावे लागले. ही घटना मला महत्त्वाची वाटते. गुपित फुटलं म्हणून पासवर्ड बदलला. कॅलेंडरचा त्यात काही संबंध नव्हता. पुढची पन्नास वर्षं बराच वळसा घालून आपण याच जागी परतलो आहोत.

युनिक्सने पासवर्ड उलट वाचता येणार नाही अशा रूपात साठवायला सुरुवात केली. मग प्रश्न उरला तो अंदाज बांधणाऱ्याचा. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी 1979 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात 3,289 पासवर्ड तपासले होते. त्यांतले 2,831, म्हणजे 86 टक्के, एक तर फार छोटे होते किंवा शब्दकोशात, नावांच्या यादीत सहज सापडणारे होते. माणूस स्वतः पासवर्ड निवडतो तेव्हा काय निवडतो, हे तेव्हाच आकड्यांत दिसलं होतं.

गणित आलं ते 1985 मध्ये. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संगणक सुरक्षा केंद्राने पासवर्ड व्यवस्थापनाची मार्गदर्शिका काढली. हिरव्या मुखपृष्ठामुळे ती ‘ग्रीन बुक’ म्हणून ओळखली जाते. तिचं सूत्र सरळ आहे. पासवर्डचं आयुष्य गुणिले अंदाज बांधण्याचा वेग, भागिले शक्य असलेल्या एकूण पासवर्डची संख्या. येईल ती ओळखलं जाण्याची शक्यता. तेव्हा टेलिफोन लाइनवरून मिनिटाला आठ-नऊ अंदाज करता येत. वर्षभर अखंड प्रयत्न केला तर ते 45 लाखांच्या आसपास भरतात. शक्यता दहा लाखांत एक एवढीच ठेवायची असेल, तर साडेचार लाख कोटी पासवर्डांचा साठा हवा. इंग्रजीच्या 26 अक्षरांमधून यदृच्छेने नऊ अक्षरं उचलली की साडेपाच लाख कोटींच्या जवळपास शक्यता तयार होतात. झालं: नऊ अक्षरं, एक वर्ष.

हे गणित चोख आहे. पण त्यातलं ‘यदृच्छेने’ फार मोलाचं आहे. मार्गदर्शिकेची शिफारसच अशी होती की पासवर्ड यंत्राने तयार करावा. म्हणजे दर वेळी नवी चिठ्ठी निघणार आणि जुन्या चिठ्ठीवरून नवीचा काहीही पत्ता लागणार नाही. शिवाय याच सूत्रात आणखी एक गोष्ट उघड दिसते. मुदत वर्षावरून नव्वद दिवसांवर आणली तर धोका चौपटीने कमी होतो. मुदत तशीच ठेवून एक यदृच्छ अक्षर वाढवलं तर तो 26 पटींनी कमी होतो. तरीही संस्थांनी उचललं ते मुदत आखडणं. कारण ते मोजायला सोपं, ऑडिटच्या तक्त्यात एका रकान्यात भरता येणारं. पासवर्ड कसा निवडला गेला हे कुठल्याच रकान्यात मावत नाही.

आणि इशारा तर त्याआधीच दिला गेला होता. 1984 मध्ये बेल लॅब्जच्या तांत्रिक नियतकालिकात फ्रेड ग्रॅम्प आणि तेच रॉबर्ट मॉरिस यांनी युनिक्सच्या सुरक्षेवर लिहिताना पासवर्डच्या मुदतीचाही समाचार घेतला. त्यांचं म्हणणं असं: चांगला पासवर्ड निवडायला थोडा विचार करावा लागतो आणि ऐन लॉगिनच्या वेळी अचानक ‘बदला’ म्हटलं की तो विचार होत नाही. ठोस पुरावा आपल्याकडे नाही हे त्यांनी प्रामाणिकपणे मांडलं. पण सर्वांत पोरकट पासवर्ड मुदतीची सक्ती असलेल्या यंत्रांवरच सापडतात, हेही नोंदवून ठेवलं.

पुढे जे झालं त्यात नियमाने नियम जन्माला घातला. मुदत संपली की लोक तोच पासवर्ड पुन्हा टाकत, म्हणून जुने पासवर्ड लक्षात ठेवणारी यादी आली. विंडोजमध्ये ती 24 पर्यंत जाते. मग काहीजण एकाच दिवशी भराभर पासवर्ड बदलून यादी ओलांडत आणि आपल्या लाडक्या पासवर्डवर परत येत. त्यावर उपाय म्हणून किमान मुदत आली: इतके दिवस होईपर्यंत बदलताच येणार नाही. मोठं अक्षर हवं, अंक हवा, चिन्ह हवं, हेही आलं. अशा वेळी दहा वाजता कामावर बसलेला, काउंटरवर रांग उभी असलेला माणूस काय करेल? मुलीच्या नावापुढचा 3 काढून 4 लावेल. यात त्याचा आळस पाहणं अन्यायाचं आहे. त्याच्या स्मृतीवर जेवढा भार टाकला, तेवढ्यातून त्याने काढलेली ती वाट आहे.

या वाटेचं मोजमाप 2010 मध्ये झालं. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात यिनचिआन झांग, फेबियन मोनरोज आणि मायकेल रायटर यांनी बंद झालेल्या 7,700 हून अधिक खात्यांचे जुने पासवर्ड अभ्यासले. तिथे दर तीन महिन्यांनी बदल सक्तीचा होता. जुना पासवर्ड हाती असेल, तर 41 टक्के खात्यांमध्ये पुढचा पासवर्ड सरासरी तीन सेकंदांच्या आत काढता आला. 17 टक्के खात्यांमध्ये तर पाच अंदाजही लागले नाहीत. ग्रॅम्प आणि मॉरिस यांची शंका अशी सव्वीस वर्षांनी आकड्यांनिशी खरी ठरली.

पण समजा, सगळे अगदी यदृच्छेनेच पासवर्ड बदलतात. तरी किती फरक पडतो? सर्व शक्यता तपासणाऱ्याला स्थिर पासवर्ड शंभर टक्के सापडेल. तोच पासवर्ड प्रत्येक अंदाजानंतर बदलला, तरी तेवढ्याच अंदाजांत सापडण्याची शक्यता सुमारे 63 टक्के राहते. इतकी अघोरी सक्ती करूनही कमाई एवढीच. आणि चोरलेला पासवर्ड वापरणारा नव्वदाव्या दिवसाची वाट पाहत बसत नाही. तो त्याच दिवशी आत येतो आणि बहुधा परतीसाठी दुसरी वाट करून ठेवतो.

अधिकृत पातळीवर हे मान्य व्हायला वेळ लागला. अमेरिकेची मानकं ठरवणाऱ्या ‘निस्ट’ या संस्थेत बिल बर यांनी 2003 च्या सुमारास लिहिलेल्या मजकुराचा आधार घेऊन जगभर चिन्हांचे आणि मुदतीचे नियम झाले होते. 2017 मध्ये निवृत्त बर यांनी त्यातल्या बऱ्याच गोष्टींबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. मला त्या कबुलीचा आदर वाटतो. नियम लिहिणारे लोक सहसा एवढं बोलत नाहीत. त्याच वर्षी निस्टच्या नव्या मानकाने सांगितलं की ठरावीक काळाने बदल मागू नये, मात्र पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तर बदल सक्तीने करावा. मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये विंडोजच्या शिफारशींतून मुदतीची अट काढली. 2025 च्या आवृत्तीत निस्टने ‘मागू नये’चं ‘मागताच कामा नये’ केलं.

मुदतीच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी होती. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं विसरलेलं खातं, चौघांनी वाटून घेतलेला पासवर्ड, कंत्राट संपलेल्या एजन्सीचा प्रवेश, हे सगळं मुदतीमुळे कधी ना कधी आपोआप बंद पडे. ती गरज कायम आहे. फक्त तिचं साधन वेगळं आहे आणि ते जुन्या यंत्रांतही आहे. लिनक्सच्या शॅडो फाइलीत पासवर्डच्या कमाल मुदतीचा रकाना एक आणि खातं बंद होण्याच्या तारखेचा रकाना दुसरा. ‘चेज’ ही कमांड दोन्ही वेगवेगळे भरू देते. हा फरक सांभाळायला हवा, कारण नुसता पासवर्ड बंद केला तरी एसएसएचची किल्ली असलेला माणूस त्या किल्लीने आत येऊ शकतो. खात्याचीच तारीख भरली की ती वाटही बंद होते.

आपल्याकडे ही तारीख भरली जात नाही याचं कारण तंत्रात कमी आणि कागदात जास्त आहे. बदलीचा किंवा निवृत्तीचा आदेश आस्थापना शाखेतून निघतो, प्रती लेखा विभागाला जातात, संबंधिताला जातात, सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे येत नाहीत. कार्यमुक्तीच्या आदेशाच्या प्रतींच्या यादीत त्याचं एक नाव वाढवायला नवं सॉफ्टवेअर लागत नाही, निविदा लागत नाही. आणि ते नाव वाढलं, जोडीला मोबाइलवरच्या पडताळणीसारखा दुसरा टप्पा आला, तर जागेवर असलेल्या कर्मचाऱ्यांना आपला एक लांबलचक पासवर्ड, तो फुटल्याची खूण दिसत नाही तोवर, वर्षानुवर्षं वापरू देता येतो.