रक्ताची साक्ष

साक्षीदार खरें बोलत असतांही न्यायाधीशाची फसगत होऊं शकते. न्यायमंदिरांत हें सर्वांस ठाऊक असतें. रुग्णालयांत मात्र त्याचा विसर पडतो, असें आम्हांस वाटतें.

भंडारा जिल्ह्यांतील एखाद्या खेड्यांतून अपरात्रीं एक तरुण रुग्णालयाच्या तातडीच्या विभागांत आणला जातो, अशी वाचकांनीं कल्पना करावी. पोटांत उजवीकडे, बरगडीखालीं, असह्य कळ. पित्ताशयाचा दाह आहे काय? डॉक्टर तेथें बोटें दाबून खोल श्वास घ्यावयास सांगतात. श्वास अर्ध्यावर अडकला तर संशय बळावतो. ही मर्फीची खूण शंभराहून अधिक वर्षांची जुनी. मग रक्त पाहावयाचें: पांढऱ्या पेशी किती, आणि १९३० सालीं उजेडांत आलेलें सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन किती चढलें. टोकियोच्या नांवानें ओळखली जाणारी २०१८ ची वैद्यकीय नियमावली सांगते कीं, पोटाची एक खूण व दाहाची एक खूण जुळली म्हणजे संशय धरावा, आणि सोनोग्राफीनें दुजोरा दिल्यावर निश्चय मानावा. नियम शहाणपणाचा आहे.

परंतु ह्या तरुणास सिकलसेल असेल तर? पूर्व विदर्भांत हा आनुवंशिक रोग पुष्कळ घरांत आहे. त्यांत तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकतात व लवकर फुटतात. त्यांतून निघालेल्या पिवळ्या द्रव्याचे, बिलिरुबिनचे, खडे कोवळ्या वयांतच पित्ताशयांत सांचतात. म्हणजे ज्यास हा दाह होण्याचा संभव अधिक, त्याच्याच रक्ताची साक्ष सर्वांत गढूळ! त्याच्या पांढऱ्या पेशी बऱ्या दिवसांतही चढलेल्या, डोळे नेहमीचेच पिवळसर. वांकड्या पेशी यकृतांत अडकल्या तरी कळ त्याच जागीं उठते. आणि सोनोग्राफींत दिसणारा खडा कित्येक वर्षांचा निरुपद्रवी रहिवासी असूं शकतो.

आंकड्यावर विसंबून पूर्वतयारीवांचून शस्त्रक्रिया केली, तर त्या ताणानेंच पेशी अधिक वांकण्याचें भय. 'ह्याचें नेहमीचेंच' म्हणून वेदनाशामक देऊन घरीं धाडलें, तर पित्ताशय सडून फुटण्याचें. दुसरी चूक आम्हांस अधिक जड वाटते. तींत रोग्याचें ऐकूनच घेतलेलें नसतें.

निरोगी माणसाचें माप ह्या तरुणास लावणें अन्यायाचें. त्याचें माप म्हणजे त्याचा स्वतःचा बरा दिवस. २०२३ च्या जुलैंत सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, व रोगाची स्थिति सांगणारीं कार्डें लोकांस देण्यांत आलीं. बऱ्या दिवसांतील रक्ताचे आंकडेही रोग्याजवळ असेच लिहिलेले असावेत. (मात्र धानाची रोवणी चालू असतां, कांहीं दुखत नसतां, रक्त द्यावयास या असें मजुरास सांगणारानें बुडालेली रोजी कोण भरून देणार, तेंही सांगावें.)

तोंवर त्या तरुणाच्या उशाशीं त्याची आई उभी असते. अशा कळा तिनें त्याच्या लहानपणापासून पाहिल्या आहेत. "डॉक्टरसाहेब, हे नेहमीचं दुखणं नव्हे जी," असें ती म्हणते. रक्ताचा अहवाल येण्यापूर्वीं तिचें हें वाक्य कागदावर उतरवून घेतलें जातें काय, एवढेंच आम्ही विचारूं इच्छितों.