अन्नदान आणि खाटेवरचा अतिथी

अन्नदान म्हटले की भाविकांच्या डोळ्यांसमोर पंगत उभी राहते. भुकेला मनुष्य आपल्या पायांनी येतो, पानावर बसतो आणि तृप्त होऊन उठतो. परंतु ज्याला चालवत नाही आणि ज्याची भूकच मंदावली आहे, अशा मनुष्याचे अन्नदान कसे करावे?

शिवडीत हा प्रश्न दूरचा नाही. बृहन्मुंबई महानगरपालिकेचे क्षयरोग रुग्णालय येथेच आहे. क्षयरोगात ताप येतो, वजन उतरते, अन्नावरची वासना उडते. काही औषधांनी मळमळही होते. वृद्धाश्रमातील वडीलधाऱ्यांचीही अवस्था बरीचशी अशीच असते. वयोमानाने चव आणि वास मंदावतात, दात साथ देत नाहीत. अशांपुढे गार झालेला वरणभात ठेवला, तर दोन घासांनंतर ताट बाजूला सारले जाते.

कोणी म्हणेल, भुकेल्याला ऊन काय आणि गार काय? धडधाकट मनुष्यापुरते हे खरे आहे. गिरणीत पाळी करून आलेला कामगार डब्यातली गार भाकरीही आवडीने खात असे, कारण श्रमाने त्याला भूक दिलेली होती. रुग्णाला ती भूक अन्नानेच द्यावी लागते. वाफाळत्या भाताचा वास, वर तुपाची धार, कडेला लिंबाची फोड, ही त्याच्यासाठी चैन नव्हे.

घास पोटात जाण्याचे मोल किती, हे झारखंडमधील क्षयरुग्णांच्या अभ्यासातून २०२३ साली प्रसिद्ध झाले. तेथे २,८०० रुग्णांना उपचारांबरोबर पोषक शिधा देण्यात आला होता. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्के वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६१ टक्के कमी आढळला.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात आहार आणि दान या दोहोंचा विचार आहे. प्रहर उलटून गेलेले, रस गेलेले अन्न तेथे तामस ठरते. अनादराने दिलेले दानही तामसच ठरते. खाटेवरच्या मनुष्यापुढे बेचव ताट सरकवणे या दोन्ही अर्थांनी उणे आहे. तो आपला अतिथीच आहे; फक्त त्याच्या दारी आपल्याला जावे लागते.

म्हणून वाढदिवस वा पुण्यतिथीनिमित्त भोजन देऊ इच्छिणाऱ्या दात्यांनी पदार्थ ठरवण्यापूर्वी संबंधित संस्थेला विचारावे. मधुमेही आजोबांना श्रीखंड-पुरीपेक्षा मऊ खिचडी आणि ताजी कढी अधिक मानवेल. शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ उघड्यावर राहू नये. शक्य असल्यास झाकणाची भांडी आणि शेगडी यांसाठीही देणगी द्यावी. वाढताना नावाने हाक मारावी, "आणखी थोडे वाढू का?" असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे, ही नम्र विनंती.