पावसाळापूर्व कामे आणि हंगामी हात

मध्य मुंबईतील भोईवाडा, परळ आणि हिंदमाता या सखल पट्ट्यातील सार्वजनिक कामांचे वर्ष दोन तारखांच्या मध्ये बसवलेले असते. 1 ऑक्टोबरपासून रस्ते खोदण्यास मुभा मिळते आणि 31 मेपर्यंत रस्त्यांचे काँक्रिटीकरण, चर बुजवणे आणि नालेसफाई, म्हणजे उघड्या नाल्यांतला व भूमिगत पर्जन्यजलवाहिन्यांतला गाळ उपसणे, ही कामे उरकायची असतात. भारतीय हवामान विभागाने 2020 मध्ये सुधारलेल्या तारखांनुसार मुंबईत मोसमी पाऊस साधारणतः 11 जूनला येतो आणि 8 ऑक्टोबरला परततो. त्यामुळे कागदावरचे आठ महिने आरंभीच आठवडाभराने आखडतात, आणि पाठोपाठ दिवाळी येते.

त्यात भर पडते आर्थिक वर्षाची. ते 1 एप्रिलला सुरू होते, म्हणजे नव्या तरतुदीचा पैसा हाती येतो तेव्हा पाऊस दोन महिन्यांवर आलेला असतो, तर त्याआधीचे आठवडे जुन्या कामांची देयके मार्चअखेर मार्गी लावण्यात जातात. निविदा आणि कार्यादेश यांत थोडी जरी दिरंगाई झाली, तरी सगळा भार एप्रिल-मेच्या उन्हात घमेले उचलणाऱ्यांवर येतो. पाऊस येणार हे दरवर्षी ठाऊक असूनही कामाला आणीबाणीचे रूप येते ते या हिशेबवहीमुळे. त्याचा दोष आभाळाला देणे सोयीचे आहे, इतकेच.

मजुराचे वर्ष मात्र तिसऱ्याच गतीने चालते. शिमगा, लग्नसराई, खरिपापूर्वीची मशागत आणि मृगाची पेरणी हे सारे त्याच्या गावी नेमके याच महिन्यांत येते. याच भागातल्या कापडगिरण्यांच्या गिरणगावाला हा पेच जुनाच होता, कारण कोकणातला आणि घाटावरचा गिरणी कामगार उन्हाळ्यात गावी जाई, एप्रिल ते जून या काळात गैरहजेरी वाढे आणि साचे चालू ठेवण्यासाठी गिरण्या ‘बदली’ कामगारांवर, म्हणजे कायम कामगाराच्या जागी त्या दिवसापुरते घेतल्या जाणाऱ्या माणसांवर, अवलंबून राहत. 1935 मध्ये गिरणी मालकांच्या संघाने बदली कामगारांची नोंद ठेवून त्यांची भरती नियंत्रित करण्याची पद्धत आणली. ती न्याय्य होती असे म्हणता येणार नाही, पण माणसे ऋतूप्रमाणे हलतात हे तिने निदान कागदोपत्री मान्य केले होते. नालेसफाईच्या निविदेत गाळाचे वजन, वाहनांच्या फेऱ्या आणि यंत्रांचे तास मोजले जातात; माणसे कोठून येतील आणि जूनमध्ये कोठे जातील हा प्रश्न ठेकेदाराच्या व मुकादमाच्या हवाली होतो.

‘हंगामी’ ठरण्याची किंमत कायद्यातही मोजावी लागते. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1947 च्या औद्योगिक विवाद अधिनियमात बारा महिन्यांत 240 दिवस काम केल्यास अखंड सेवेचे एक वर्ष धरले जाई आणि मार्च ते मे राबणारा मजूर त्याच्या निम्म्यापर्यंतही पोचत नसे. 1970 च्या कंत्राटी कामगार अधिनियमाने वर्षात 60 दिवसांहून अधिक चालणारे हंगामी काम ‘अधूनमधूनचे’ मानायचे नाही असे स्पष्ट केले, तरी त्या वर्गवारीतून मजुराला स्थैर्य मिळाले नाही. कचरा उचलणाऱ्या 2,700 कंत्राटी कामगारांना मुंबई महापालिकेत कायम करण्याचा औद्योगिक न्यायाधिकरणाचा 2014 चा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये कायम ठेवला; त्यांचे काम रोजचे होते. आणि गाळ? तोही वाहिन्यांत बारा महिने साचतो. हंगामी असतो तो फक्त त्याचा उपसा.

या वेळापत्रकाचा ठिसूळपणा 26 मे 2025 रोजी उघड झाला. मोसमी पाऊस नेहमीच्या तारखेच्या सोळा दिवस आधी मुंबईत पोचला, हिंदमाता परिसरात पाणी साचले, आणि उपसा करणारे पंप वेळेवर चालू न ठेवल्याबद्दल महापालिकेला चालकांना दंड करावा लागला. सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि प्रमोद महाजन उद्यानाखाली पाणी साठवण्याच्या टाक्या बांधून झाल्या होत्या. पण यंत्रणा कितीही मोठी उभारली तरी ती चालवणारे हात तारखेच्या कराराने बांधलेले असतील, तर लवकर आलेला पाऊस तिला गाठतोच.

याच महाराष्ट्राने एकदा उलट्या बाजूने विचार केला होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकाराला आलेल्या आणि 1972 च्या दुष्काळात विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा 1977 मध्ये झाला व 1979 पासून लागू झाला. शेतात काम नसेल तेव्हा मजुराने मागणी करावी आणि प्रशासनाने पंधरा दिवसांत काम द्यावे, यासाठी कामांचे आराखडे आधीच तयार ठेवावेत, हा तिचा गाभा होता. तिथे वेळापत्रकाचा आरंभ माणसाच्या रिकाम्या दिवसांपासून होत असे. त्या योजनेसाठी 1975 पासून बसवलेल्या व्यवसाय कराचा मोठा वाटा मुंबईच्या पगारदारांनी भरला, आणि तरीही ती दृष्टी मुंबईच्या स्वतःच्या कामांत उतरली नाही.

हा पट्टा ज्यात येतो त्या महापालिकेच्या एफ दक्षिण विभागासाठी पर्जन्यजलवाहिन्यांची बारमाही तुकडी नेमली, तिने ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने गाळ काढला, पावसाळ्यात पंप व पातमुखे, म्हणजे वाहिन्यांतले पाणी बाहेर पडण्याची तोंडे, सांभाळली आणि पेरणीच्या दिवसांत पाळीपाळीने पगारी रजा घेतली, तर मे महिन्यातली झुंबड बरीच ओसरेल. खर्च वाढेल, हा आक्षेप खरा आहे. पण आज तो खर्च मजुराच्या रिकाम्या महिन्यांतून आणि परळच्या तुंबलेल्या रस्त्यांतून वसूल होतोच. येत्या फेब्रुवारीत महापालिकेचा अर्थसंकल्प मांडला जाईल तेव्हा भोईवाड्यातील रहिवाशांनी आणि कामगार संघटनांनी, किती टन गाळ काढणार याबरोबरच तो काढण्यासाठी किती कायम पदे मंजूर आहेत, हेही विचारावे.