मोहरबंद मत आणि मोकळा कयास

सन 2024 च्या लोकसभा निवडणुकीत चंद्रपूर आणि गडचिरोली-चिमूर या दोन्ही मतदारसंघांचे मतदान पहिल्याच टप्प्यात, म्हणजे 19 एप्रिल रोजी, उरकले, आणि मोजणी मात्र 4 जूनला व्हावयाची होती. या मधल्या 46 दिवसांत मोहफुलांचा हंगाम सरला, तेंदूपत्त्याची तोड होऊन गेली, नवतपा येऊन तापून गेला, आणि काही दुर्गम केंद्रांवरून हेलिकॉप्टरने परत आणलेली मतदानयंत्रे सशस्त्र पहाऱ्याखालच्या मोहरबंद खोल्यांत निमूट पडून राहिली. निमूट राहिली नाहीत ती माणसे. तहसील कचेरीच्या ओट्यापासून पानटपरीपर्यंत, "कोन निघते जी?" या एकाच पृच्छेने दिवस उगवावा आणि मावळावा, आणि ज्याला काल एक उमेदवार पन्नास हजारांनी पुढे दिसत होता त्याला आज कोण्या पाहुण्याच्या बोलण्यावरून दुसरा दिसू लागावा, असा तो काळ होता. विचार करण्यासारखी गोष्ट ही की ज्याविषयी हे सारे कयास चालले होते ते भविष्य नव्हतेच. ते घडून गेलेले, आकड्यांत उतरलेले आणि कोणाच्याही इच्छेने तसूभर न हलणारे असे भूत होते, आणि तरीही त्याच्याविषयी माणसाचे मन इतके खालीवर होत होते की जणू आपल्या आशेच्या किंवा भीतीच्या भाराने यंत्रातला आकडा अजूनही इकडचा तिकडे होणार होता.

या चलबिचलीला मी केवळ रिकामपणाचा उद्योग म्हणणार नाही. जे ठरलेले आहे पण ज्ञात नाही त्याविषयी व्याकुळ होणे हा मनुष्याचा पुरातन स्वभाव आहे. नवस, शकुन आणि पत्रिका यांचा निम्मा व्यवहार त्यावर चालतो. पण निवडणुकीच्या अंदाजाचा प्रश्न शकुनापेक्षा अवघड आहे, आणि त्याची अडचण आमच्या धानाच्या मुलखात महसूल खात्याच्या एका जुन्या रिवाजावरून चांगली उमगते. पीक शेतात उभे असतानाच गावोगावची नजरअंदाज पैसेवारी जाहीर होते, पुढे ती सुधारली जाते, आणि पीक कापणीचे प्रयोग झाल्यावर अंतिम पैसेवारी निघते. ती पन्नास पैशांच्या आत आली तर सवलतींचा मार्ग मोकळा होतो, म्हणून तिच्यावरून तंटे होतात, अर्ज-हरकती होतात. परंतु तलाठ्याने काहीही लिहिले तरी बांधीतला धान ते ऐकत नाही. अंदाज चुकला तर कागद चुकतो, लोंबी आपल्या ओझ्याने जितकी वाकायची तितकीच वाकते. मतदार मात्र स्वतःविषयीचा अंदाज ऐकणारे पीक आहे. तो ऐकतो, त्यावर विचार करतो, त्याने सुखावतो किंवा चिडतो, आणि पुष्कळदा त्याप्रमाणे वाकतो. म्हणजे मोजणाऱ्याच्या मापामुळे मोजावयाची वस्तूच बदलते.

आमच्या कायद्याने हे ओळखले आहे, ही त्याच्या कर्त्यांच्या विवेकाची खूण होय. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातील 126-अ या कलमान्वये पहिल्या टप्प्याच्या मतदानास आरंभ झाल्यापासून शेवटच्या टप्प्याचे मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत मतदानोत्तर चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. अर्थात धानोऱ्याच्या एखाद्या म्हातारीने 19 एप्रिलला काय केले याचा सुगावा 1 जूनला मत देणाऱ्या वाराणसीच्या मतदारास लागू नये, आणि त्याने आपला निर्णय तिच्या निर्णयाकडे पाहून करू नये, यासाठी कायद्याने तिच्या मताभोवती सहा आठवड्यांचे मौन पाळविले. ते मौन 1 जूनच्या संध्याकाळी सुटले, आणि बहुतेक चाचण्यांनी सत्तारूढ आघाडीला साडेतीनशेच्या वर, काहींनी चारशेपर्यंत, जागा देऊन टाकल्या. तीन दिवसांनी तिच्या पदरात 293 पडल्या. चंद्रपुरात प्रतिभा धानोरकर 2 लाख 60 हजारांहून अधिक मतांनी आणि गडचिरोली-चिमुरात नामदेव किरसान 1 लाख 41 हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. चाचण्यांची अशी फसगत नवी नाही. 1936 साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या मासलेवाईक साप्ताहिकाने दूरध्वनीच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांवरून सुमारे एक कोटी लोकांना पत्रे धाडली, वीस लाखांहून अधिक उत्तरे मोजली आणि लँडन यांना अध्यक्ष करून ठेवले. रूझवेल्ट यांनी 48 पैकी 46 राज्ये जिंकली. ज्याच्या घरी दूरध्वनी नव्हता तो त्या हिशेबात नव्हता. भामरागडच्या पलीकडे ज्या गावात आजही मोबाइलची खूण उमटत नाही, तेथला माडिया मतदार कोणाच्या नमुन्यात बसतो हा प्रश्न त्यामुळे फार जुना आहे.

परंतु अंदाज चुकतात ही तक्रार माझ्या मते गौण आहे. ते अचूक निघाले असते तर प्रश्न अधिकच गंभीर झाला असता. मतदानापूर्वीच्या दिवसांत गावात एक वाक्य सर्रास ऐकू येते: मत वाया जाऊ नये. याचा आशय असा की जो उमेदवार मला योग्य वाटतो तो पडणार असे सर्व सांगत असतील तर त्याला दिलेले मत फुकट गेले, आणि जो निघणार आहे त्याला दिलेले मत सार्थकी लागले. निष्काम कर्माची शिकवण ज्या समाजाने शतकानुशतके कीर्तनातून ऐकली, ज्याच्यासाठी टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिले, त्या समाजाने मतदानासारख्या पवित्र कर्मात फळाला कर्माचा हेतूच नव्हे तर कर्माची कसोटी करून टाकावे, हे मला नेहमी विस्मयकारक वाटत आले आहे. फळाची इच्छा धरणे हा मानवी दुबळेपणा झाला, आणि तो क्षम्य आहे. पण फळ आधी पाहून घेऊन त्याला जुळेल असे कर्म निवडणे यात कर्त्याचा कर्तेपणाच नाहीसा होतो, कारण मग त्याने काही ठरविलेले नसते, जे इतरांनी ठरविले असे त्याला सांगण्यात आले त्याची त्याने केवळ नक्कल उतरविलेली असते, आणि ते इतरही असेच दुसऱ्या कोणाची नक्कल उतरवीत असण्याचा संभव असतो. गडचिरोली-चिमूर मतदारसंघातल्या चिमुरात 16 ऑगस्ट 1942 रोजी, 'भारत छोडो'च्या चळवळीत, लोक रस्त्यावर आले तेव्हा इंग्रज जाणार की राहणार याचा कौल कोणी त्यांच्या हाती दिला नव्हता. त्या दिवशी जे रक्त सांडले, दोन्ही बाजूंचे, त्याचे समर्थन मी करीत नाही. परंतु पराभवाचा संभव उघड दिसत असता केलेले कर्म वाया गेले असे चिमूरविषयी म्हणण्याचे धारिष्ट कोणाला होईल?

अंदाजांच्या जोडीला वादविवाद येतात. न्यायशास्त्राने संभाषणाचे तीन भेद सांगितले: तत्त्वनिर्णयासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचा केवळ उच्छेद करण्यासाठी होते ती वितंडा. दूरचित्रवाणीवरच्या संध्याकाळच्या चर्चांना यांपैकी कोणत्या खान्यात टाकावे हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. अमेरिकेत अध्यक्षपदाचे उमेदवार समोरासमोर उभे राहतात, 1960 साली केनेडी आणि निक्सन यांच्यापासून ते चित्रवाणीवर दिसू लागले, आणि तिकडे स्थायिक झालेली आमची मुले त्याचे मोठे कौतुक सांगतात. ते अगदीच अस्थानी नाही. परंतु 27 जून 2024 च्या वादाने बायडेन यांना 21 जुलै रोजी उमेदवारी सोडावी लागली ती त्यांचे एखादे प्रतिपादन खंडित झाले म्हणून नव्हे, तर उच्चार, मुद्रा आणि मधले अडखळणे यांवरून त्यांच्या क्षमतेविषयी लोकांनी काही ताडले म्हणून. 'मिलिंदपन्ह' या बौद्ध ग्रंथात मिलिंदराजाने नागसेनाला संवादाची विनंती केली तेव्हा त्या भिक्षूने आधी एक अट घातली: पंडितांच्या रीतीने बोलणार असाल तर बोलतो, राजांच्या रीतीने असाल तर नाही, पंडितांच्या वादात चूक दाखवली गेली तर कोणी संतापत नाही, आणि राजांच्या वादात विरोध करणाऱ्याला शिक्षा होते. मिलिंदाने अट मान्य केली. आज असा करार करून व्यासपीठावर चढणारा उमेदवार पुढच्याच चाचणीत खाली येईल, कारण त्याचे मतपरिवर्तन हा त्याचा पराभव म्हणूनच मोजला जाईल.

नागसेनाचे नाव निघाले म्हणून बौद्ध परंपरेतील आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते, आणि चंद्रपूरकरांना ती सांगण्यास विशेष कारण आहे. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबर 1956 रोजी, डॉ. आंबेडकरांनी याच शहरात असंख्य लोकांना धम्मदीक्षा दिली. त्याआधी सात वर्षे, 25 नोव्हेंबर 1949 च्या संविधान सभेतील भाषणात, भिक्षुसंघाला ठराव, गणसंख्या, मतगणना या संसदीय रीती ठाऊक होत्या याचे त्यांनी आवर्जून स्मरण दिले होते. संघात एकमत झाले नाही तर शलाका, म्हणजे काड्या, वाटून बहुमत घेत. उघडपणे, गुप्तपणे किंवा एकेकाच्या कानात सांगून, असे त्याचे तीन प्रकार होते. शलाका वाटणारा भिक्षू पक्षपात, द्वेष, मोह आणि भय या चारांपासून मुक्त असावा असा दंडक होता. सर्वेक्षणे करणाऱ्या संस्थांच्या चालकांपैकी कितीजण त्या पदासाठी अर्ज करू धजतील? याहून मार्मिक भाग असा की गुप्त शलाकाग्रहणात बहुमत धम्माच्या विरुद्ध पडले तर ते रद्द करून पुन्हा शलाका वाटण्याची मुभा त्या भिक्षूला होती. आधुनिक मनाला हा अधिकार भयंकर वाटेल आणि तो कोणा एका अधिकाऱ्याच्या हाती असता कामा नये हे मलाही मान्य आहे. म्हणूनच प्रजासत्ताकाने तो माणसाच्या हातून काढून संविधानात लिहून ठेवला, आणि 1973 च्या केशवानंद भारती निकालाने कितीही मोठ्या बहुमताला संविधानाची मूलभूत चौकट मोडता येत नाही असे ठरले. पण त्या विनयनियमाच्या मुळाशी जी जाण आहे ती चिरंतन आहे: किती जणांना वाटते हे मोजल्याने खरे काय ते ठरत नाही, केवळ आता काय करावयाचे ते ठरते.

आणि वाटते म्हणजे तरी काय? 2024 च्या जूनमध्ये चंद्रपुरात पराभूत झालेले सुधीर मुनगंटीवार नोव्हेंबरात बल्लारपुरातून विधानसभेवर निवडून आले, आणि राज्यात लोकसभेच्या वेळी मागे पडलेल्या आघाडीने विधानसभेत प्रचंड बहुमत मिळविले. तेव्हा पंडितांनी विचारले, खरे लोकमत कोणते, जूनचे की नोव्हेंबरचे? या प्रश्नात एक गृहीतक दडले आहे. ते असे की लोकमत नावाचा एक स्थिर आत्मा जनतेच्या देहात वास करतो, आणि चाचण्या व निवडणुका ही त्याच्या दर्शनाची कमीअधिक निर्मळ साधने आहेत. नागसेनाने राजाला रथाचे एकेक अंग दाखवून, यांत रथ कोणता, असे विचारले होते. सोयाबीनचा भाव, एका योजनेचे खात्यावर आलेले पैसे, जातीची गणिते, उमेदवाराच्या घरचा दुःखद प्रसंग, वाघाच्या हल्ल्यात दगावलेला शेजारी, यांतले लोकमत कोणते? कारणांच्या संयोगाने ते एका दिवशी उभे राहते आणि संयोग सुटला की विरते. याने त्याचा अधिकार कमी होत नाही. रथ नाममात्र असला तरी त्यात बसून राजा मुक्कामी पोचलाच होता. मात्र ते ज्या कारणांनी घडते त्या कारणांची जबाबदारी मग आमच्यावर येते.

धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा हे गाव त्या जबाबदारीची एक रीत अनेक वर्षे आचरीत आहे. तेथे निर्णय बहुमताने होत नाहीत. सर्वांची संमती मिळेपर्यंत विषय पुढे ढकलला जातो, आणि विषयाचा अभ्यास करणारा गट निराळा बसतो, ज्याला निर्णयाचा अधिकार नाही. हा भेद मला अत्यंत अर्थपूर्ण वाटतो, कारण जेथे काही ठरावयाचे नसते तेथेच माणूस आपले मत बदलण्यास भीत नाही. या गावाने 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळविला आणि 2011 साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार आपल्या ग्रामसभेकडे घेतला, तो याच सावकाश रीतीने. सर्वसहमतीलाही आपला जुलूम असतो, एकट्या विरोधकाला शेजाऱ्यांच्या नजरेचे दडपण असह्य होऊ शकते, आणि सोळा लाखांहून अधिक मतदारांच्या मतदारसंघाला एका गोटुलात बसविता येत नाही, हे आक्षेप मी हलके मानीत नाही. म्हणून 2017 च्या जिल्हा परिषद निवडणुकीत भामरागड-एटापल्ली भागातील ग्रामसभांनी जे केले ते मला अधिक विचारार्ह वाटते: त्यांनी एकत्र बसून, खाणींचा आणि जंगलाचा प्रश्न समोर ठेवून, आपले उमेदवार आधी चर्चेने ठरविले, आणि त्यांतले काही निवडूनही आले, परंतु ठरविल्यानंतर प्रत्येकजण गुप्त मतदानाच्या आडोशाला एकटाच गेला, आणि ग्रामसभेत मान डोलावून आलेल्यालाही तेथे निराळे बटण दाबण्याची पूर्ण मोकळीक होती.